वीतभर रबरी नळी

मोटारीकडे पाहताना आपली दृष्टी प्रथम तिच्या रंगावर जाते, मग बैठकीवर आणि मग वेगावर. ब्रेकचे स्मरण आपल्याला बहुधा संकट समोर उभे ठाकल्यावरच होते. पुढच्या चाकामागे दडलेल्या वीतभर रबरी नळीकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही. सदाशिव पेठेतील एका जुन्या फियाटमुळे त्या नळीचे माहात्म्य मला जवळून पाहता आले.

माझ्या परिचयातील एका तरुणाला आजोबांची १९६० च्या दशकातील फियाट ११०० वारशाने मिळाली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेल्या या गाडीचेच रूप पुढे 'पद्मिनी' म्हणून घरोघरी परिचित झाले. तिच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. लांब उतारावर ते तापतात आणि त्यांची पकड ढिली पडते. आईवडिलांना घेऊन खंडाळ्याच्या घाटाने वसईला जायचे, म्हणून त्याने पुढील चाकांना डिस्क ब्रेक बसवण्याचे ठरवले. १९५३ साली ल मांच्या शर्यतीत जग्वारने विजय मिळवला, तेव्हा या ब्रेकची कीर्ती जगभर झाली. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेतील फेरबदलांवर बंधने घालते; त्यामुळे त्याने आधी परिवहन कार्यालयात रीतसर विचारणा केली, हे त्याचे शहाणपण.

काम हाती घेतले ते पेठेतील एका बोळात छोटे गॅरेज चालवणाऱ्या वृद्ध मिस्त्रींनी. मी सहज म्हणून गेलो आणि दुपारभर तेथेच रमलो.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम सतराव्या शतकातील ब्लेझ पास्कालचा. सेमिनरीत आम्ही त्याला चिंतक म्हणून ओळखले. येथे तो ब्रेक ऑइलमधून भेटला. पेडलवरील पायाचा दाब तेलामार्फत चाकापर्यंत जातो आणि कॅलिपर फिरत्या तबकडीला चिमटीत धरतो. गाडीच्या अंगालगत हे तेल पोलादी नळीतून वाहते. मात्र पुढचे चाक खड्ड्यात खालीवर होते, वळणावर फिरते. तेथे पोलाद टिकणार नाही. म्हणून शेवटचा टप्पा रबरी होज पाईपचा. या जुन्या गाडीत चारही चाकांचे तेल एकाच मार्गाने फिरते. एक होज फुटला की चारही ब्रेक गेले!

मिस्त्रींनी होजचे एक टोक बॉडीला वेल्डिंग केलेल्या ब्रॅकेटमध्ये बसवून लोखंडी क्लिपने पक्के केले. दुसरे टोक पोकळ बँजो बोल्टने कॅलिपरला जोडले. बोल्टच्या दोन्ही अंगांना तांब्याचे नवे वायसर. एकदा दाबले गेलेले वायसर पुन्हा नीट बसतीलच असे नाही, म्हणून जुने त्यांनी फेकून दिले. पोलादी नळी आवळताना दुसऱ्या पान्याने होज स्थिर धरला. होजवरील छापील रेघ सरळ राहिली पाहिजे; ती वळली, तर नळीला पीळ पडला असे समजावे.

नंतर त्यांनी चाक अधांतरी ठेवून आणि मग गाडीचा भार चाकावर देऊन स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवले. उजव्या टोकाला होज टायरला किंचित घासत होता.

"काका, एवढे वळण कितीदा घेणार? प्लॅस्टिकच्या पट्टीने मागे बांधून टाकू. रविवारी निघायचे आहे," तरुण म्हणाला.

मिस्त्री माझ्याकडे वळून म्हणाले, "फादर, होज दोन टोकांना बांधायचा असतो. मध्ये जखडला की चाक खाली जाताना तोच ताणला जातो. घासून झिजलेली नळी फुटते ती ब्रेक जोरात दाबल्यावर, म्हणजे नेमकी गरजेच्या वेळी."

त्यांनी ब्रॅकेट कापून इंचभर पुढे जोडले आणि सारी तपासणी पुन्हा केली. मग तेलातील हवा काढली. हवा दबते, तेल दबत नाही, म्हणून हवा राहिली तर पेडल मऊ लागते. शेवटी तरुणाने पेडल जोराने दाबून धरले आणि मिस्त्रींनी कोरडे फडके प्रत्येक सांध्यावर फिरवले. फडके कोरडेच राहिले. वसईची वारी आठवडाभर लांबली, घरची मंडळी थोडी रुसली. पण वडिलांनी मुलाची बाजू घेतली.

त्या मिस्त्रींचे बोलणे मला कुटुंबालाही लागू पडते असे वाटते. मुलांना टोके पक्की हवीत, एक घराशी आणि दुसरे कर्तव्याशी. मधे मात्र वळायला मोकळीक हवी.

धर्मग्रामातील कुटुंबे नवी गाडी आशीर्वादासाठी चर्चच्या दारी आणतात, तेव्हा मला आनंदच होतो. तथापि आशीर्वाद हा तांब्याच्या वायसरचा पर्याय नव्हे. वाचकहो, पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी चाक पूर्ण वळवून होज पाहायला सांगा. तो भेगाळलेला, फुगलेला वा ओलसर दिसला, तर प्रवास पुढे ढकला. वाट पाहणाऱ्यांना थोडा उशीर चालतो.