मेलेलं कलम सोडून बघताना

काजूचं कलम मेलं की ते सहसा कोणी उघडून बघत नाही. पिशवीतली माती झटकायची, खुंट फेकायचा आणि पुढची पिशवी घ्यायची, अशीच रीत. दोडामार्गात मी ज्यांच्या हाताखाली कलमं बांधायला शिकलो, त्यांचा दंडक वेगळा होता: "मेलेला कलम टाकू नको. आधी सोडून बघ."

प्लास्टिकची पट्टी सोडली की कारण समोर येतं. खुंटात बसवलेल्या काडीच्या पाचरीच्या दोन्ही कडा काळ्या पडल्या असतील, तर काडी खुंटापेक्षा बारीक होती; एका बाजूची साल सालीला भिडवायची सोडून ती मधोमध बसवली गेली. काप उंचसखल असेल, तर सुरी दोनदा फिरली आणि आत पोकळी राहिली. बुरशी दिसली तर काडीवर घातलेल्या प्लास्टिकच्या टोपीत पाणी शिरलं. आमच्याकडच्या पावसात हे फार होतं. आणि काप स्वच्छ असून काडीच सुरकुतली असेल, तर ती तयार नव्हती. काडी झाडावर असतानाच पानं छाटून नुसते देठ ठेवायचे. आठ-दहा दिवसांत देठ गळतात, शेंड्याचा डोळा फुगतो, मग कापायची. घाईत हीच पायरी आधी गाळली जाते. लागलेलं कलम यातलं काहीच सांगत नाही. जोड भरून येतो, हाताचं बरंवाईट आत झाकलं जातं.

मला खरी धास्ती असते ती जिवंत दिसणाऱ्या अपयशाची. वर काडी मरते आणि जोडाखालून खुंट जोमानं फुटतो. पालवी बघून रोप विकलं जातं, शेतकरी वर्षानुवर्षं खतपाणी करतो आणि धरते ती गावठी बी. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राच्या वेंगुर्ला-७ ची बी १० ग्रॅमच्या आसपास भरते. ती जात घडवायला लागलेली मेहनत एका फुटव्यापायी वाया जाते. २००२ पासून आमच्या दोडामार्ग तालुक्यात रानटी हत्ती बागा मोडतात, त्याचा पंचनामा तरी होतो. भलत्याच झाडाचा पंचनामा कोण करणार?

म्हणून रोप देण्याआधी मी जोड बोटानं चाचपतो आणि नवी पानं जोडाच्या वरच आहेत ना, ते बघतो. घेणाऱ्याला सांगतो, जोडाखाली फूट दिसली की लगेच खुडा. आणि झाड गेलंच तर मुळासकट परत आणा. बदली रोप देतोच, पण त्याआधी त्यांच्यासमोर जोड चिरतो. आत काय झालंय ते त्यांनीही बघायला हवं.