वळचणीची होडी

होडीचं बहुतेक आयुष्य जमिनीवर जातं. कॅलेंडरवर ती कायम पाण्यातच दिसते, म्हणून आपल्या ते ध्यानात येत नाही. कोकणकिनाऱ्याला विचारा. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद. त्याच्या आधीच होड्या ओढून वर घेतल्या जातात, खाली ओंडके सारले जातात आणि वरून झावळ्यांचे झाप, नाहीतर हल्ली निळं प्लास्टिक घालून त्या शाकारल्या जातात. नारळी पौर्णिमेला दर्यावर जाणाऱ्या होडीचे फोटो सगळे काढतात; आधीचे दोन महिने तिच्या बुडाखालचा ओंडका सरकला का, झापातून पाणी ठिबकतंय का, हे बघत फिरणाऱ्या माणसाचा फोटो कुणी काढत नाही. मला त्या माणसाविषयी जास्त कुतूहल आहे.

टिटवाळ्याला दर्या नाही, काळू नदी आहे. बाहेरच्यांना हे गाव महागणपतीमुळे ठाऊक. अंगारकीला कसारा लोकल इथे निम्मी रिकामी होते. आत राहणाऱ्यांचा पावसाळ्यातला पहिला प्रश्न मात्र वेगळा: रुंद्याचा पूल बुडाला का? पलीकडच्या गावांचं दूध, भाजी, कॉलेजची पोरं, सगळं त्या उत्तरावर अवलंबून. अशा गावात कुणाच्या घरी होडी असली तर नवल वाटू नये. तरी माझ्या पुतण्याची कयाक टेम्पोतून उतरली, तेव्हा आख्खी सोसायटी गॅलरीत उभी होती.

त्यानं कोलाडला कुंडलिकेवर पहिल्यांदा वल्हं हातात धरलं आणि वर्षभरात ही जुनी केशरी कयाक विकत घेतली. प्लास्टिकची, एका माणसाची, 12 फूट लांब, वजन पंचवीस किलोच्या आसपास. ती लिफ्टमध्ये शिरेना. जिन्यानं चढवली तर पहिल्याच वळणावर नाक भिंतीत आणि शेपूट कठड्यात. वहिनी वरून ओरडली, “वर आणलीत तर हॉलमध्ये एक तर सोफा राहील, नाहीतर ही!” माझ्या भावानं तडजोड सुचवली की गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोरानं वर ओढून ठेवू. पुतण्या म्हणाला, “आत्या, बाबांना सांग, मे महिन्यात त्या शेडमध्ये पापड भाजतील.”

त्याचं खरं होतं. या कयाकी पॉलिथिलिनच्या, म्हणजे आपल्या पाण्याच्या टाकीच्याच जातकुळीतल्या. आघात सोसतात, खडकावर घासल्या तरी फुटत नाहीत; पण ऊन आणि सततचा दाब यांच्यापुढे त्या हळूहळू नमतात. तापलेलं प्लास्टिक दोन विटांवर महिनाभर ठेवा, विटांच्या जागी तळाला खळगे पडतात, आणि खळगे पडलेली होडी पाण्यात सरळ चालत नाही. टोकाच्या कड्यांना दोर बांधून टांगली तर मधोमध झोळ येतो. त्या कड्या उचलायला दिलेल्या असतात, टांगायला नव्हे. म्हणून कयाक ठेवायची ती कुशीवर, कारण तिच्या कडा तळापेक्षा ताठ असतात, नाहीतर पालथी. आधार द्यायचे ते दोन्ही टोकांपासून साधारण पाव लांबीवर. 12 फुटांच्या कयाकीला टोकापासून 3 फुटांवर एकेक आधार, मध्ये 6 फूट मोकळे.

बाजारात याचे तयार रॅक मिळतात. दोन लोखंडी हात, त्यांवर फोमचं कातडं, सोबत चार फास्टनर आणि हसऱ्या माणसाचं चित्र असलेलं खोकं. चित्रातली भिंत लाकडी असते, तिच्या आतला खांब शोधायचा आणि त्यात स्क्रू बसवायचा. आमच्या नव्या इमारतींच्या भिंती हलक्या ब्लॉकच्या. ड्रिल घातलं की पिठासारखा भुगा गळतो. ट्यूबलाइट टिकते, पंचवीस किलोचा रोजचा ओढा टिकेल याची खात्री कोण देणार? काँक्रीटचे कॉलम भक्कम, पण त्यांना भोक पाडायला सेक्रेटरी परवानगी देणार नाहीत, आणि मला वाटतं, देऊही नये. तयार रॅकला माझा विरोध नाही. तो ज्या घरासाठी बनवला ते घर आपलं नाही, एवढंच.

मग पार्किंगमध्ये स्वतःच्या पायांवर उभा राहील असा रॅक करायचं ठरलं आणि काम गेलं स्टेशनजवळच्या फॅब्रिकेटरकडे. त्यानं कागदावर पेन्सिलीनं उभे दोन, आडवे चार असे अँगल काढले, “किती वजन?” एवढंच विचारलं, कशासाठी ते विचारलंच नाही. खिडकीच्या जाळ्या करणाऱ्याच्या हाताला असल्या गोष्टी सवयीच्या. वेल्डिंगवर रेड ऑक्साइडचे दोन हात, कारण इथल्या पावसात कच्चं लोखंड पहिल्याच श्रावणात तांबडं होतं. हातांवर पाइपच्या फोमच्या नळ्या चढवल्या. आणि मधल्या कप्प्याला माझ्या आईची अक्कल लागली. ती म्हणाली, “खाटेची नवार लावा की.” नायलॉनची चार बोटं रुंद नवार दोन ठिकाणी सैल झोळीसारखी बांधली आणि कयाक तीत कुशीवर ठेवली, अगदी शिंक्यात लोण्याचं गाडगं ठेवावं तशी. भार एका रेघेवर न येता पट्टीभर पसरतो. सुती नवार ओल धरते म्हणून नायलॉनची. हा शोध तिचाच, खाटा विणून आलेला.

कयाक-रॅकची कल्पना ग्रीनलंडमध्ये जुनीच. तिथल्या इनुइट लोकांच्या कयाकी लाकडी किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून केलेल्या असत, आणि त्या उंच मांडणीवर ठेवाव्या लागत, कारण स्लेज ओढणारी भुकेली कुत्री कातडं खाऊन टाकत. आमच्या पार्किंगमधली कुत्री प्लास्टिक खात नाहीत, पण रॅकखालची सावली त्यांनी पहिल्याच दिवशी ताब्यात घेतली. बसायच्या जागेच्या तोंडाला मात्र कापड बांधावं लागतं. उंदरांना तयार घर मिळालं तर ते भाडेकरार मागत नाहीत.

ज्यांना पार्किंगही नाही त्यांच्यासाठी जर्मनांनी शंभरेक वर्षांपूर्वीच उपाय काढला. योहान क्लेपर या शिंप्यानं 1907 पासून घडीच्या कयाकी बनवल्या: लाकडी सांगाडा, वर रबरी कापड, सगळं पिशव्यांत भरून आगगाडीत चढवायचं. तसल्याच घडीच्या कयाकीतून ऑस्कर स्पेक 1932 मध्ये उल्महून निघाला आणि 1939 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला, वाटेत हिंदुस्थानचा किनारा वल्हवत. कसारा लोकलच्या लगेजच्या डब्यात भाजीच्या पाट्यांशेजारी ती पिशवी खपून गेली असती, शंका नाही.

सोसायटीतल्या सगळ्यांचा एकच प्रश्न असतो: पूर आला की ही काढणार ना? पुतण्या ठामपणे नाही म्हणतो, आणि लोकांना ते रुचत नाही. 26 जुलै 2005चा पूर इथल्या कुणाच्या आठवणीतून गेलेला नाही. 27 जुलै 2019ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पाण्यात उभी राहिली आणि हजारावर प्रवाशांना काढायला एनडीआरएफ आणि नौदलाच्या रबरी होड्या आल्या, तेही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. पण त्या होड्यांमागे सराव असतो, दोर असतात, शिस्त असते. वाहत्या पुरात विजेच्या तारा, झाडं, पत्रे असतात. हौशी माणसाची एकट्याची कयाक तिथे आणखी एक सुटका वाढवते. त्यामुळे तिचा मोसम नवरात्रानंतरचा, काळू निवळल्यावरचा. पुढे उन्हाळ्यात पाणी उतरतं, मोहन्याकडे उल्हासवर जलपर्णी पसरते. म्हणजे वर्षातले तीन महिने ही बाई पाण्यात, नऊ महिने नवारीवर.

सोसायटीच्या सभेत ती वाहन की सामान, यावर बराच वाद झाला. वाहन ठरवलं तर पार्किंगचा आकार लावावा लागेल, सामान ठरवलं तर सगळ्यांचीच कपाटं खाली येतील. शेवटी निर्णय पुढच्या सभेवर गेला. दरम्यान रॅकचा सगळ्यात वरचा कप्पा वहिनीनं गणपतीच्या मखरासाठी घेतला आहे, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी सर्वांत खालचे दोन हात त्यांच्या शिडीसाठी मागितले आहेत. फॅब्रिकेटरकडे असल्याच आणखी एका रॅकची चौकशीही झाली आहे; ती करणाऱ्यांकडे होडी नाही.