वाऱ्याला कुंपण नसते

नागपूर हे समुद्रापासून फार दूरचे शहर. येथून मुंबईचा किनारा आगगाडीने आठशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर आहे. भरती-ओहोटी, खारा वारा, गलबतांच्या डोलकाठ्या ही सारी येथील मुलांना बहुधा पुस्तकांतूनच भेटतात. तरीही संध्याकाळी अंबाझरी तलावाच्या बांधावर उभे राहिले, म्हणजे दिवसभर तापलेला वारा पाण्यावर बारीक सुरकुत्या उठवीत पलीकडच्या काठाकडे धावताना दिसतो. याच पाण्यावर राष्ट्रीय छात्र सेनेच्या नौदल शाखेतील छात्रांनी नाव हाकण्याचे धडे गिरवले आहेत. पाणी तळ्याचे असो वा सागराचे, शिडाला त्याचे काही वाटत नाही. त्याला हवा असतो तो केवळ वारा.

शिडाची नौका वाऱ्याबरोबर पुढे जाते, यात नवल नाही. वाळलेले पानही तसे जाते. खरे नवल हे, की ती वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनेही मजल मारू शकते. मात्र ती सरळ जात नाही. आधी थोडी उजवीकडे तिरपी, मग डावीकडे तिरपी, अशी नागमोडी चाल ती धरते. फुगलेले शीड तिला एका बाजूस रेटते; परंतु तळाशी पाण्यात उतरलेली फळी तिला आडवी सरकू देत नाही. या दोन बलांच्या ओढाताणीतून नौका पुढे सरकते. ही विद्या एकट्याने एका दिवसात येत नाही. तिला सोबती लागतात, जुन्या जाणत्यांचा उपदेश लागतो आणि सर्वांनी मिळून जपलेल्या नौका लागतात. शीडनौकांची मंडळे या गरजेतूनच जन्माला आली.

मुंबईच्या बंदरात असे एक मंडळ १८४६ साली स्थापन झाले. त्याचे नाव बॉम्बे यॉट क्लब. १८७६ साली व्हिक्टोरिया राणीच्या सरकारने त्याला ‘रॉयल’ ही पदवी दिली. आज अपोलो बंदरावर गेटवे ऑफ इंडियाची कमान उभी आहे. ती १९२४ साली पुरी झाली. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून या बंदरातील पाण्यावर पांढऱ्या शिडांच्या शर्यती होत असत. पावसाळ्यात समुद्र खवळला, की नौका किनाऱ्यावर विसावत. आकाश निवळले, की पुन्हा शिडे उभी राहत.

शर्यतीचे नियम मोठे न्यायी असतात. दोन नौका आमनेसामने आल्या, तर जिच्या डाव्या अंगाने वारा येत असेल तिने दुसरीला वाट द्यावयाची. नौकेत कोण बसला आहे, तो कोणत्या कुळातला आहे, त्याच्या गाठीला किती पैसा आहे, हे नियम विचारीत नाही. आणि या साऱ्यांहून थोर असा एक नियम आहे: संकटात सापडलेल्या कोणालाही शक्य ते सर्व साहाय्य करावे. अशा वेळी शर्यत मागे पडते आणि माणूस पुढे येतो.

पाण्यावरचा हा न्याय जमिनीवर मात्र येईना. क्लबच्या दारातून भारतीय माणसास सभासद म्हणून आत जाता येत नसे. ज्या कोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या या किनाऱ्यावर होड्या लोटल्या, ज्या कोकणच्या खलाशांना वाऱ्याची चाहूल त्याच्या स्पर्शावरून लागे, त्यांच्याच देशात त्यांच्या बांधवांसाठी ते दार बंद होते. ज्ञान दाराबाहेर उभे होते आणि अधिकार दाराआड बसला होता. वारा मात्र दोघांच्याही शिडांत सारखाच भरत होता.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला आणि काळाची दिशा पालटली. क्लबची दारे भारतीयांना खुली झाली. त्याच्या जुन्या वास्तूत पुढे अणुशक्ती खात्याची कचेरी आली, आणि क्लबचा संसार जवळच्याच दुसऱ्या इमारतीत चालू राहिला. १९८२ साली आशियाई खेळांतील शीडनौकांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या. फारोख तारापोर आणि झरीर करंजिया या जोडीने त्यांत भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. ज्या पाण्यावर एके काळी परक्यांच्याच नौकांचा मान होता, त्याच पाण्यावर हा विजय मिळाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पुढे तर ही शिडे बंदर ओलांडून जगाच्या वाटेला लागली. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी एक स्वप्न उराशी बाळगले होते: भारतीय नाविकाने भारतात बांधलेल्या शीडनौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी. गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ ही नौका तयार झाली. तिचे सुकाणू हाती घेऊन कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघाले आणि वाटेत चार बंदरांत थांबून मे २०१० मध्ये परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यानंतर २०१७-१८ साली नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’ नौकेतून जगाला फेरी घातली. आणखी एक बंद दार उघडले.

या साऱ्या कथेत मंडळाचे मोठेपण कशात असते, हे दिसून येते. ते त्याच्या पदवीत नसते, उंच वास्तूत नसते, चांदीच्या पेल्यांतही नसते. भिजलेला दोर नीट गुंडाळून ठेवणारा, नवख्याच्या हाती सुकाणू देऊन स्वतः शेजारी सावध बसणारा, उलटलेल्या होडीकडे आपली नौका वळवणारा सभासद, हेच मंडळाचे खरे धन. आणि आत येऊ इच्छिणाऱ्यास ‘तू कोण?’ असे न विचारता ‘तुला शिकावयाचे आहे काय?’ असे विचारणारे दार, हीच त्याची खरी पदवी.

अंबाझरीच्या काठावर आजही एखादे मूल कागदाची होडी पाण्यात सोडीत असेल. वाऱ्याची एक झुळूक येते आणि होडी हलते. ते मूल कोणाचे, हे वाऱ्याने विचारलेले नसते.