आधी यादी, मग खरेदी

सोमवार, 6 ऑक्टोबर 2025
शिरोली एमआयडीसीतला मशिनिंगचा कारखाना. ऑफिसात आणि शॉपवर मिळून सहा कॉम्प्युटर. मालकांनी बसायच्या आधीच विचारलं, "14 तारखेला विंडोज 10 बंद होणार म्हणे. सगळेच नवे घ्यायचे का?"

कॉम्प्युटर बंद पडणार नाहीत, फक्त सुरक्षेचे फुकट अपडेट थांबतील. काम चालू राहतं म्हणून माणूस निर्धास्त राहतो, धोका तिथंच आहे. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा रॅन्समवेअर, म्हणजे फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, पसरला, तेव्हा त्याला रोखणारं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं. ते न टाकलेल्यांच्या फायलींना कुलूप लागलं.

सहाही तपासले. चार विंडोज 11 वर फुकट जातात. पाचवा सीएनसीला प्रोग्रॅम देतो. त्याला इंटरनेटची गरजच नाही, म्हणून नेटवर्कची वायर काढली. जीएसटी आणि ई-वे बिलांचा तेवढा नवा घ्यायचा. पैसे भरून मुदत वाढवून मिळते, पण धंद्यासाठी पहिल्या वर्षी दर कॉम्प्युटरला 61 डॉलर आणि पुढं दरवर्षी दुप्पट. जुन्या यंत्रावर हा खर्च परवडत नाही.

गुरुवार, 9 ऑक्टोबर
वर्षभरात ऑनलाइन सेवांना गेलेले पैसे बँकेच्या स्टेटमेंटवरून काढले. नोकरी सोडून गेलेल्यांचे मेल अजून चालू, भाडंही जातंय आणि पासवर्डही त्यांच्याकडेच. लागणारी पत्रं उतरवून घेऊन ते बंद केले. उरलेल्या मेलना दोन टप्प्यांची पडताळणी लावली. तिला रुपयाही पडत नाही. खर्च आणि धोका एकाच ओळीत सापडतात, म्हणून ही यादी मी नेहमी आधी करतो.

सोमवार, 13 ऑक्टोबर
टॅलीचा बॅकअप रोज होतो, पण हार्ड डिस्क कायम जोडलेली. रॅन्समवेअर आला तर जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाही. आता दोन डिस्क आलटून पालटून वापरायच्या, एक नेहमी मालकांच्या घरी. शिवाय एक प्रत क्लाउडवर. मग बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिस्टोअर करून शेवटच्या बिलाचा नंबर आणि बँकेची शिल्लक ताडून पाहिली. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबू नये.

शुक्रवार, 17 ऑक्टोबर, वसुबारस
अकाउंटचं काम बघणाऱ्या ताईंनी हाक मारली, "दादा, ही मेल जरा बघा की." कास्टिंगवाल्यांच्या नावानं आलेली: खातं बदललंय, दिवाळीआधी पेमेंट नव्या खात्यावर करा. लोगो, सही, बिलाचा नंबर, सगळं बरोबर. पत्ता अक्षर-अक्षर वाचला, तर इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' चिकटून बसलेले. ताईंनी मेलमधला नंबर न लावता जुन्या बिलावरचा लावला. खातं बदललेलंच नव्हतं. लाखोंचं पेमेंट एका फोननं वाचलं. ताईंची ही शिस्त कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा मोलाची.

पैसे गेलेच असते तर त्याच मिनिटाला बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करायचा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पांगते. हा नंबर टेबलाच्या काचेखाली लावून आलो.

बुधवार, 22 ऑक्टोबर, पाडवा
आज नव्या वह्या सुरू होतात. छोट्या कारखानदारांना, दुकानदारांना माझं सांगणं एवढंच: वहीत एक पान कॉम्प्युटरचं ठेवा. कोणती सेवा, कोण वापरतं, वर्षाला किती पैसे, नूतनीकरण कधी, बॅकअप शेवटचा कधी उघडून पाहिला. हे पान भरल्याशिवाय कुणाच्या सांगण्यावरून नवं काही विकत घेऊ नका.