खाऱ्या वाऱ्याची वाट

वैशाखात कोकणच्या किनाऱ्यावर दहा-अकरा वाजले की माणसं खाऱ्या वाऱ्याची वाट बघू लागतात. जमिनीवरून रात्रभर वाहिलेला मतलई वारा पडलेला असतो, समुद्रावरचा अजून सुटलेला नसतो. माडाची झावळी हलत नाही. खारा वारा वेळेवर आला तर दिवस निभावतो. पण कधी घाटाकडून येणारा पूर्वेचा तापलेला वारा त्याला दुपारपर्यंत थोपवून धरतो, आणि मग मुंबई-रत्नागिरीचा पारा थेट चाळिशीकडे निघतो. हे बरेचदा मार्चमध्येच होतं, अंगाला उन्हाची सवय होण्याआधी.

चंद्रपूर-अकोल्याच्या माणसाला आमचे ३७ अंश किरकोळ वाटतात. ते किरकोळ नाहीत. मैदानी भागात उष्णतेची लाट म्हणायला पारा निदान ४० वर जावा लागतो, किनाऱ्यावर हवामान खातं ३७ पासूनच तिचा विचार करतं. कोरड्या हवेत घाम वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. इथली हवा आधीच ओलीचिंब. घाम नुसता निथळत राहतो, शरीरातलं पाणी जातं आणि शरीर निवतही नाही. पारा फार चढू न देणारा समुद्रच ही ओल हवेत भरतो आणि रात्रीसुद्धा अंग थंड होऊ देत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला, तेव्हा पारा चाळिशीच्या खालीच होता. उघड्यावर तासन्‌तास बसलेल्या गर्दीतली १४ माणसं उष्माघाताने गेली. किनाऱ्यावरचं ऊन आकड्यावरून जोखू नये, हे मी म्हणूनच पुन्हा पुन्हा सांगतो.

आणि ज्यांना सावलीत बसणं परवडत नाही त्यांचं काय? बोंबील वाळायला कडक ऊनच लागतं, म्हणून कोळीण भर उन्हात बांबूंच्या वलांडीपाशी उभी असते. झेला घेऊन हापूस उतरवणाऱ्या गड्याचा हंगामही नेमका एप्रिल-मेचा. सभा संध्याकाळी घेता येते, शाळा सकाळची करता येते. पिकलेला आंबा आणि ओला बोंबील थांबत नाहीत. निदान बागेत आणि बंदरावर सावलीची शेड आणि पिण्याचं पाणी असणं, एवढं तरी आपण त्यांचं देणं लागतो.

मे सरत आला की समुद्राची चाल बदलते. उकाड्याने हैराण झालेली, सुट्टीला आलेली पोरं नेमकी तेव्हाच पाण्यात उतरतात, आणि जिथे लाटा फुटत नाहीत ती शांत पट्टी त्यांना सुरक्षित वाटते. बरेचदा तिथूनच पाणी माघारी खेचत असतं. त्या ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याकडे झुंजत दमू नये, किनाऱ्याला समांतर पोहून ओढीबाहेर पडावं. हे प्रत्येक पुळणीवर मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलेलं हवं.

समुद्राचं तापलेलं पाणी वादळांनाही बळ देतं. अरबी समुद्र तापत चालला आहे, हे मोजमापांतून दिसतं आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला लागून गुजरातकडे गेलं. निसर्गने दिवेआगर-श्रीवर्धनच्या वाड्या काही तासांत झोपवल्या. सरळसोट, उंच पोफळी मधूनच मोडल्या, माड मुळासकट उपटले. मदतीचा हिशेब आधी हेक्टरी मांडला गेला. इथली वाडी गुंठ्यांची, आणि तिच्यात माड, पोफळ, जायफळ, मिरी एकमेकांच्या आधाराने उभी. झाडागणिक भरपाई द्या, ही बागायतदारांची मागणी मला आजही रास्त वाटते.

पडलेल्या झाडांबरोबर सावलीही गेली, हे पंचनाम्यात कुठे लिहायचं? पोफळीचं कोवळं रोप उघड्या उन्हात करपतं. म्हणून वाडी पुन्हा उभी करताना आधी केळी लावायची, केळीने सावली धरली की तिच्या आडोशाला पोफळीची रोपं. त्यांना सुपारी लागायला पुढे पाच-सात वर्षं, आणि तेवढे उन्हाळे त्यांना पाणी देत राहायचं.