अलोऱ्याचा पाऊस आणि कोरडे मोजे

थंडी पडली की प्रत्येक ऑफिसातले दोघं-चौघं गुलमर्गला नाहीतर औलीला स्कीइंग करायला जातात आणि परत आल्यावर आठवडाभर बूट, बाइंडिंग, वॅक्स अशा गप्पा मारून बाकीच्यांना पिडतात. पण नीट ऐकलंत तर एक गंमत कळते. ही मंडळी थंडीपेक्षा ओलीला जास्त घाबरतात. रात्री बुटाचं अस्तर काढून वाळवलं नाही, तर सकाळी पाय बधिर आणि सुट्टीचा एक अख्खा दिवस फुकट!

आपल्याकडे बर्फ नाही. पण ओल? ती मागाल तेवढी. आपला सीझन जून ते सप्टेंबर आणि आपला उतार सह्याद्रीचा. बूट-जॅकेटची खरी परीक्षा घ्यायची तर त्यासाठी अलोऱ्यासारखी जागा नाही.

अलोरे चिपळूणपासून वीसेक किलोमीटरवर, कराडच्या रस्त्यावर. इथून पुढे शिरगाव, पोफळी आणि मग कुंभार्ली घाट. मुंबईहून सकाळची मांडवी पकडली तर दुपारी चिपळूण, तिथून पोफळीकडे जाणारी एसटी किंवा रिक्षा. गाव प्रसिद्ध आहे ते कोयना प्रकल्पामुळे. झाडीत लपलेली प्रकल्पाची जुनी वसाहत, कौलांवर शेवाळ, मागे ढगात बुडालेली डोंगराची भिंत. रिसॉर्ट, रेन डान्स वगैरे शोधत असाल तर सॉरी, हे तुमचं डेस्टिनेशन नाही. इथे पाऊस आहे, बस्स. घाटमाथ्यावर कोयनानगरला वर्षाला साधारण ५००० मिलिमीटर कोसळतो, म्हणजे मुंबईच्या दुपटीहून जास्त, आणि पायथ्याशी असल्यामुळे अलोऱ्यालाही त्याचा चांगलाच प्रसाद मिळतो.

आधी बुटांचं बघू. माळ्यावर चार-पाच वर्षं पडून असलेले ट्रेकिंग शूज उचलून थेट निघू नका. दिसायला ते नवेकोरे असतात, पण दमट हवेत तळव्याचा फोम आणि गोंद आतल्या आत कुजतो आणि पहिल्याच चिखलात सोल ‘आ’ वासतो. आमच्या ग्रुपमधल्या एकाने उरलेला दिवस बुटाला सुतळी बांधून काढला. म्हणून निघायच्या आठवडाभर आधी बूट घालून इमारतीचे जिने चढा-उतरा, सोल दोन्ही हातांनी वाकवून बघा. महागडा बूट हवाच असं नाही. सह्याद्रीत वर्षानुवर्षं फिरणारे कितीतरी जण खोल नक्षीच्या साध्या रबरी तळव्यावर खूश असतात. आणि एक लक्षात ठेवा, शेवाळलेल्या काळ्या कातळावर कुठलाच बूट धरत नाही, दुकानदार काहीही सांगो. तिथे पाय आडवा टाका, पावलं छोटी ठेवा आणि हात मोकळे ठेवा.

बूट भिजणार हे धरूनच चाला. प्रश्न असतो तो रात्रीचा. लेस काढा, आतला सोल काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासा-दीड तासाने बदला. पंख्याखाली ठेवा. कोकणातल्या घरात चुलीवर दोरी बांधलेली असते, तिथे कपडे मस्त वाळतात, पण बूट चुलीजवळ ठेवायचा मोह टाळा. जास्त उष्णतेनं गोंद सुटतो आणि चामडं तडकतं. सकाळपर्यंत बूट सत्तर टक्के वाळला तरी जिंकलात, बाकीचं काम मोज्यांचं. सुती मोजे घरीच ठेवा. ते पाणी धरून बसतात आणि पायाला फोड आणतात. लोकरीचे किंवा सिंथेटिक घ्या आणि एक जोडी झिपलॉक पिशवीत फक्त रात्रीसाठी राखून ठेवा. दिवसा कितीही वाट लागू दे, ती जोडी बाहेर काढायची नाही! झोपताना पाय पुसून बोटांच्या बेचक्यांत खोबरेल तेल नाहीतर व्हॅसलिन.

जॅकेटचा फंडा वेगळा. नव्या रेनजॅकेटवर पाण्याचे थेंब घरंगळतात, कारण कापडावर एक पातळ लेप असतो. आपण ते घरी आणून डिटर्जंट आणि फॅब्रिक कंडिशनर घालून धुतो आणि दोन सीझनमध्ये त्याचं पोतेरं होतं. सौम्य लिक्विड सोप वापरा, भरपूर पाण्यात खळबळा, आणि लेबलवर परवानगी असेल तर वाळल्यावर वरून कापड टाकून हलकी इस्त्री फिरवा. उष्णतेनं तो लेप बराचसा परत जागा होतो. तरी चढावर आतून घामानं भिजणार ते भिजणारच. त्यामुळे काखेत झिप असलेलं जॅकेट घ्या. या बाबतीत कोकणचं इरलं कोणत्याही ब्रँडला ऐकायचं नाही. बांबूचा सांगाडा, वर पानं, पाठ कोरडी, दोन्ही हात लावणीला मोकळे आणि खालून वारा खेळता. आता शेतात प्लास्टिकचे कागदच जास्त दिसतात, पण इरल्याचं डिझाइन बघाच.

सकाळी बूट घालण्याआधी उलटे करून आपटायचे. प्लीज, हे हसण्यावारी नेऊ नका. कोकणातला लाल विंचू जीवघेणा ठरू शकतो. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी ऐंशीच्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध या दंशावर वापरून दाखवलं, तेव्हापासून असंख्य जीव वाचले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दंश झाला तर घरगुती उपाय करत बसू नका. गार घाम, उलट्या, धडधड अशा लक्षणांची वाट न बघता सरळ दवाखाना गाठा.

नदी घड्याळावर चालते

अलोऱ्यात एक गोष्ट मात्र बूट-जॅकेटपेक्षा दहापट महत्त्वाची आहे, ती म्हणजे इथलं पाणी. कोयना मुळात पूर्वेला जाणारी नदी, कृष्णेला मिळणारी. वर धरणात अडवलेलं तिचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वळवून साधारण पावणेपाचशे मीटर खाली पोफळीच्या भूमिगत वीजगृहांवर सोडलं जातं. तिथून ते कोळकेवाडी धरणात साठतं आणि पुन्हा एकदा अलोऱ्याच्या ३२० मेगावॉटच्या तिसऱ्या टप्प्यात वीज करून वाशिष्ठीत येतं. एकाच पाण्यातून दोनदा वीज!

जलविद्युत संच काही मिनिटांत सुरू होतो, म्हणून विजेची मागणी चढली की कोयनेला हाक जाते. थोडक्यात, संध्याकाळी पुण्यात, ठाण्यात, नवी मुंबईत आपण एसी लावतो, त्याचा परिणाम इथल्या नदीत दिसू शकतो. आकाशात ढगाचा ठिपका नसतानाही गुडघाभर पाणी छातीला यायला वेळ लागत नाही. ‘पोरांनो, ही नदी आभाळाकडं बघून चढत नाय, घड्याळाकडं बघून चढते,’ वसाहतीतले एक निवृत्त काका आम्हाला म्हणाले. पावसाळ्यात निदान भीती तरी वाटते. खरी फसवी असते ती ऑक्टोबरातली कोरडी दुपार, स्वच्छ पाणी आणि मधोमध फोटोसाठी परफेक्ट खडक. त्या खडकावर जाऊ नका. टेलरेसच्या कालव्यात आणि त्याच्या खालच्या पात्रात पोहणं, डबा खायला बसणं, बाइक धुणं, काहीच नको. पाण्याच्या रेषेवर ओला चिखल दिसला, आवाज बदलला, पाणी अचानक गढूळ झालं तर बॅग सोडून काठ चढा. वीजगृह आणि धरणाच्या हद्दीत परवानगीशिवाय प्रवेश नाही, तिथे वॉचमनशी हुज्जत घालण्यात काही शौर्य नाही.

२२ जुलै २०२१ ला याच वाशिष्ठीनं चिपळूण बुडवलं. अतिवृष्टीचा वाटा किती, भरतीचा किती आणि धरणातून आलेल्या पाण्याचा किती, यावर शहरात कडाक्याचे वाद झाले. बाजारपेठेत चहा घेताना हा विषय काढलात तर चहा थंड होईपर्यंत ऐकावं लागेल. ऐका. पाण्याबद्दलचं हे शहाणपण कुठल्याच गाइडबुकात मिळणार नाही.

चालायचं कुठे? गावातले आणि शिरगावच्या बाजूचे रस्ते, भाताच्या खाचरांमधल्या वाटा. अंगात जोर असेल तर कोळकेवाडी दुर्ग, पण तो पावसात वाटाड्याशिवाय नकोच. रानात पायवाटा फुटतात आणि धुक्यात सगळ्या सारख्याच दिसतात. जळवा लागतील. ओढून काढू नका, नखानं बाजूनं खरवडून सोडवा, जखम धुवा. पायाला चीर असेल तर खाचराच्या पाण्यात उतरू नका, लेप्टोस्पायरोसिस कोकणात नेहमीचा आहे. परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं असं काही झालं तर डॉक्टरांना ‘मी पाण्यात चाललो होतो’ हे आठवणीनं सांगा. मनानं गोळ्या घेणं नको.

स्वतःची गाडी असेल तर कुंभार्ली घाट उजेडात करा. पावसात धुकं बोनेटच्या पुढचंही दिसू देत नाही, दरडीही येतात. एसटीनं परतणार असाल तर ओले बूट वेगळ्या पिशवीत, कोरडी चप्पल पायात आणि शेवटच्या गाडीची वेळ चिपळूणच्या स्टँडवर उतरल्या उतरल्याच विचारून ठेवा. पावसाळ्यात फलकावरच्या वेळेवर जाऊ नका.