शेतातून आलेली केबल

इंग्लंडमध्ये इंटरनेट रडतखडत चालतं, यावर साताऱ्याकडचं कोणी विश्वास ठेवत नसे. आम्ही लँकेस्टरजवळ, ल्यून नदीच्या खोऱ्यातल्या एका खेड्यात राहत होतो. टेलिफोनची तार जुनी, तांब्याची, आणि एक्स्चेंज काही मैलांवर. तांब्यातून सिग्नल जितका लांब जाईल तितका क्षीण होतो. व्हिडिओ कॉलवर आईचा चेहरा थिजायचा, आवाज मागाहून यायचा. शेजारच्या दूधवाल्या शेतकऱ्याची अडचण याहून मोठी होती. वासरू जन्मलं की 27 दिवसांच्या आत त्याच्या पासपोर्टसाठी अर्ज करावा लागे. तो ऑनलाइन भरायला बसलं, की पान उघडेपर्यंत धारा काढायची वेळ व्हायची.

विरळ वस्तीत केबल टाकणं मोठ्या कंपन्यांना परवडत नव्हतं. खरा खर्च काचेच्या तंतूचा नसतो, रस्ता खोदण्याचा असतो. म्हणून 2011 साली इथल्या लोकांनी ‘ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ’ ही सभासदांच्या मालकीची संस्था काढली आणि केबल शेतांतून न्यायचं ठरवलं. शेतकऱ्यांनी छदामही न घेता परवानगी दिली. हातभर बांधासाठी पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारी माणसं मी आमच्याकडे पाहिली आहेत. त्या परवानग्यांवरच्या सह्या बघताना माझा ऊर भरून आला.

आमच्या गावाची पाळी आली तेव्हा मीही फावडं घेऊन गेलो. मोकळ्या कुरणात ट्रॅक्टरमागचा नांगर जमीन चिरत जाई आणि त्याच चिरेत प्लास्टिकची नळी बसत जाई. पण दगडी कुंपणांखाली आणि घरांच्या बागांत हातानेच खणावं लागे. निवृत्त शिक्षिका, मेंढपाळ, कॉलेजची पोरं, सगळे चिखलात. कोणीतरी केक घेऊन यायचं. पुढे दाबाच्या हवेने त्या नळीतून केसाएवढ्या बारीक तंतूंची केबल सरकवली. गावातल्याच एका गृहस्थांनी तंतू जोडण्याचं काम शिकून घेतलं होतं. त्यांनी दोन टोकं वितळवून एकजीव केली.

वेग सेकंदाला 1000 मेगाबिट, पाठवतानाही तेवढाच. तेव्हा त्याला महिन्याला 30 पौंड पडत. लंडनमध्ये राहणाऱ्या माझ्या भावाकडेही तेव्हा एवढा वेग नव्हता.

नंतर दरीपलीकडच्या खेड्यात खणायला माणसं कमी पडत होती. आमच्यातले बरेच जण फावडी घेऊन तिकडे गेले. शेजाऱ्याने ट्रॅक्टर दिला.